खालचा दोरा

या, जवळ या. दाराशी रेंगाळू नका, इथं पुढं सरकून बसा. मोठ्या आवाजात सांगण्याजोगी ही गोष्ट नव्हे. एका बाईची सांगतो. तिनं आयुष्यभर माणसांना झोपवलं, एकीखेरीज सगळ्यांना सुखरूप उठवलं, आणि मग स्वतःच अशा झोपेत शिरली की उठून बाहेर येताना बरंच काही उशाशीच राहून गेलं. ऐकताना कीव करू नका. मी तर तिला मनोमन हात जोडतो. तुम्ही काय कराल ते गोष्ट संपल्यावर बघा.

हॉस्पिटलात तिला झोपबाई म्हणत. भूल देणारी डॉक्टर. नाव कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण पेशंटच्या नातेवाइकांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं होतं, आणि तिलाही ते आवडायचं. तर त्या सकाळी झोपबाई औषधांच्या दुकानासमोर रांगेत उभी होती. दुकानाच्या काचेवर खोकल्याच्या औषधाची जाहिरात, खाली वजनाचा काटा, त्यावर एक मूल उगाच उड्या मारतंय, आई त्याला दटावतेय. रांग पुढं सरकली आणि पुढची म्हातारी काठी सावरत मागं वळली. तिनं चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाली, "तूच ना गं ती? गाणारी?"

"नाही आजी, मी गाणारी नव्हे," झोपबाई हसली. "मी झोपवणारी."

"तेच ते. ऐकणाऱ्याला पोचलं म्हणजे झालं. अगं, तुझी आई माझ्या शेजारच्या खाटेवर होती. माझं पित्ताशय काढलं होतं तेव्हा. ती गेली त्या दुपारी तू तिच्या उशाशी बसून गात होतीस ना? माझे टाके ठणकत होते, तरी वाटत होतं हे संपू नये. आणि पलीकडची ती कटकटी बाई आठवते? डॉक्टरांनाही बोलू द्यायची नाही ती? जन्मात पहिल्यांदा गप्प पडून राहिली बघ."

"हो," झोपबाई म्हणाली. "आठवतंय ना."

ज्यांच्या आठवणींना भोकं पडलेली असतात ती माणसं हे एक वाक्य फार लवकर शिकतात. हो हो, आठवतंय ना. मानही बरोबर हलते, डोळ्यांत ओळखही येते. म्हातारी डोळ्यांचे थेंब घेऊन, "आई भाग्यवान हो तुझी," असं म्हणत पायरी उतरून गेली. दुकानदारानं "बोला मॅडम" म्हटलं, आणि झोपबाईला आपण काय घ्यायला आलो होतो तेच सुचेना. तिनं उगाच कापसाची एक गुंडाळी मागितली. गुंडाळी हातात घेऊन ती फुटपाथवर आली, आणि तिच्या पायाखालची फरशी हलली. खरोखरची नव्हे. दुसरीच एक फरशी, जिच्यावर ती गेली कितीतरी वर्षं उभी होती.

कारण त्या दुपारचं तिच्याजवळ जे होतं त्यात गाणं नव्हतं. तिच्याजवळ होती हिरवट भिंतीवर पडलेली उन्हाची एक तिरकी पट्टी. खाटेखाली आईच्या चपला, एक सरळ, एक पालथी. आणि मग एकदम धाकट्या भावाचा चेहरा, खिडकीकडे पाठ करून उभा, म्हणतोय, "संपलं." पट्टी आणि चेहरा यांच्यामध्ये काही नाही. अंधारसुद्धा नाही, अंधार म्हटला तर तोही काहीतरी असतो. पण माणसाच्या मनाला रिकामी जागा सोसत नाही. तिच्या मनानं त्या जागेत बाथरूम बांधलं. पांढऱ्या टाईल्स, त्यांच्यावर टेकलेला गाल, नळाची टिपटिप, बंद दार. आई जात होती तेव्हा मी तिथं पडले होते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण ज्या दिवसांत ती कुठंही पडलेली सापडायची त्या दिवसांत दुसरीकडे कुठं असणार? टाईलचा गारवा तिला गालावर स्पष्ट जाणवायचा. आणि पुढं ते नशेचं औषध सोडल्यावर, कधी अवचित ओढ उठली, जिभेच्या मुळाशी ती धातूसारखी चव उगाचच आली, की ती मनातल्या मनात त्या टाईलला गाल लावायची. बघ, इथं होतीस तू. आई तिकडं, आणि तू इथं. ओढ ओसरायची. लोक देवाच्या पायावर डोकं ठेवतात, ही आपल्या अपराधावर ठेवायची. तेवढ्या एका टाईलवर ती सावरून उभी राहिली होती. आणि आता कुणी एक म्हातारी काठी टेकत येते आणि सांगते की तू तिथं नव्हतीसच, तू गात होतीस.

तिला राग आला. आनंद व्हायला हवा होता, हे तिला कळत होतं. पण आला तो राग, आणि रागाच्या पाठोपाठ जिभेच्या मुळाशी ती चव. तिनं सवयीनं टाईल शोधली. टाईल होती, पण आज तिच्यात गारवा नव्हता.

आता त्या औषधाविषयी सांगायला हवं. घाई करत नाही, पण टाळूनही चालणार नाही. केटामीन. त्याला शिव्या देऊ नका. अपघातात चिरडलेला माणूस आणला, रक्त वाहून गेलंय, दुसरं कुठलं भुलीचं औषध दिलं तर श्वासच थांबेल की काय अशी भीती, तेव्हा झोपबाईनं याच औषधाचा हात धरून किती जणांना पलीकडच्या काठाला नेलंय. श्वास चालू ठेवतं, हृदय धरून ठेवतं, आणि माणसाला मात्र त्याच्या वेदनेपासून अलगद उचलून बाजूला ठेवतं. गुणी औषध. पण गुणी पाहुणाही रोज मुक्कामाला आला की घराची काय दशा होते, ते ऐका. मेंदूतल्या पेशींना दारं असतात, त्यांतलं एक दार भारी हट्टी. एकट्यादुकट्याला उघडत नाही. पलीकडून निरोप यावा लागतो, त्या निरोप्या रसायनाला ग्लुटामेट म्हणतात. आणि निरोप येईल त्याच क्षणी आतलाही जागा असावा लागतो. दोन्ही जुळलं की दार उघडतं, आणि ते उघडणं म्हणजेच आठवण पडणं. आपण आईचा चेहरा ओळखतो, घरची वाट ओळखतो, ते सगळं असल्या दारांच्या उघडण्यातून साठलेलं. भगवंतानं केवढी नाजूक कारागिरी केलीय, विचार करा. केटामीन काय करतं, तर दार उघडलं की आत शिरतं आणि उंबऱ्यातच आडवं पडतं. निरोप येतो, आतला जागाही असतो, पण आतबाहेर काही होत नाही. घटका दोन घटका असं झालं तर ती भूल, ती उतरते. पण रोज कुणी उंबऱ्यात पथारी पसरायला लागलं की घर आपल्या परीनं शहाणपणा करतं, आणखी दारं पाडतं. मग पाहुण्यालाही पथाऱ्या जास्त लागतात. आणि एक दिवस पाहुणा गेला की ती सगळी वाढीव दारं सताड उघडी. रस्त्यावरचा सगळा गोंगाट घरात.

झोपबाईला हे पुस्तकातून ठाऊक होतं, परीक्षेत लिहून ती पहिली आली होती. पण कळलं मात्र आईच्या शिलाई मशीनवरून. आई कपडे शिवायची. शिवायची म्हणजे बहुतेक दुरुस्तीच. कुणाच्या कोटाची बाही आखूड करायची, कुणाच्या पँटची चेन बदलायची, पोटं सुटलेल्यांच्या कमरा ढिल्या करायच्या. "लोक खातात आणि मी फेडते," म्हणायची. पायानं मशीन चालवायची आणि गुणगुणायची; शब्द नाहीत, नुसती वर जाऊन खाली येणारी एक चाल, पायाच्या ठेक्यात बसलेली. शिलाई मशीनला दोन दोरे असतात. वरचा सगळ्यांना दिसतो. खालचा बॉबिनमध्ये, पोटात. सुई खाली जाते, दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात, तेव्हा टाका पडतो. लहानपणी एकदा ही शाळेच्या दप्तराला पट्टा शिवायला बसली. झोकात शिवला, गाणं म्हणत शिवला. आई पलीकडच्या खोलीत भाजी निवडत होती. तिथूनच ओरडली, "थांब गं बये! बॉबिन संपलीय तुझी." हिनं पट्टा उचलला, तो अख्खाच्या अख्खा हातात आला. सुई चालली होती, कापड सरकलं होतं, भोकांची सरळ सुंदर रांग पडली होती आणि टाका एकही नव्हता. "तुला तिकडून कसं कळलं?" "आवाजावरनं. रिकाम्या बॉबिनचा आवाज पोकळ येतो. राब राब राबतेय आणि हाती काही नाही, असा."

ती त्या औषधाकडे कशी वळली, याचं कारण लोक विचारतात. कारणं सांगायला माणसं उत्सुक असतात आणि ती कधीच पुरेशी नसतात. खांदा दुखायचा. झोप उडाली होती, झोपबाईची झोप, यावर ती स्वतःच हसायची. टेबलावर एक तरुण मुलगी गेली होती. हिची चूक नव्हती, आणि चूक नसल्यामुळेच ते कुठं ठेवावं ते कळेना. पण वाट मिळाली ती एका रिवाजातून. कुपीतलं जे उरतं ते सिंकमध्ये ओतून टाकायचं, आणि ओतताना दुसऱ्या कुणीतरी पाहायचं, असा नियम. पाहायची मोठी सिस्टर. या दोघींनी एकत्र जन्म काढला होता थिएटरात. डॉक्टर ओतायला लागली की सिस्टर आदरानं मान दुसरीकडे फिरवायची. "तुमच्यावर काय नजर ठेवायची मॅडम, लाज वाटते मला." प्रेमानं फिरवलेली मान. त्या फिरवलेल्या मानेएवढ्या फटीतून सगळं आत आलं. आधी उरलेलं, मग उरवलेलं. वर्षांमागून वर्षं. काम चोख चालायचं, आणि हेच भयंकर होतं. पेशंटच्या कानाशी वाकून ती आईची ती चाल गुणगुणायची आणि माणसं भीती विसरून झोपायची. घरी येऊन मात्र तिला आठवेना की आज कुणाला झोपवलं. एकच गोष्ट ती भावाला तीनदा सांगायची. ओटीपोटात आग पडायची, त्या औषधानं मूत्राशयही पोखरलं होतं. आणि जगण्याला चव देणारं दुसरं एक रसायन, डोपामिन, आधी ओंजळी भरभरून सांडलेलं, आता चिमूटभरही हाताला लागेना. चहा म्हणजे ऊन पाणी, गाणं म्हणजे नुसता आवाज. अखेर एका सकाळी सिस्टरनं मान फिरवली नाही. सिंकपाशी उभी राहिली आणि बघत राहिली. ओतायचा हात अधांतरी थांबला. सिस्टरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं डोळे मिटले नाहीत. "आज बघणार मी, मॅडम," एवढंच म्हणाली.

पुढचं सगळं थोडक्यात. उपचार, उघड्या वाढीव दारांचा तो गोंगाट, घाम, रंगांची भीती, मग सपाट राखाडी महिने. मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, "पेशी हळूहळू घर आवरतात. पुढचं तुमच्या लक्षात राहायला लागेल. आधी कच्चं, मग पक्कं. पण जे मुळात लिहिलंच गेलं नाही, ते कुठून शोधणार?" हॉस्पिटलनं तिला परत घेतलं, पण भूल द्यायला नव्हे. ते तिनं स्वतःच मागितलं नाही. ऑपरेशननंतर पेशंट जिथं जागे होतात त्या खोलीत ती बसते. औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे नसते. लोक अजून झोपबाईच म्हणतात आणि ती उठवायचं काम करते. आणि हेही सांगून ठेवतो, त्या दिवसांपासून ती गुणगुणली नव्हती. ती चाल आणि ती चव तिच्या मनात एकाच दावणीला बांधलेली होती.

तर हातात कापसाची गुंडाळी घेऊन ती चालत राहिली. दुपारची पाळी होती, वेळ होता. कोपऱ्यावर बूट शिवणारा, पुढं घड्याळांचं दुकान, सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवणारी. ती गात होती? कुठल्या तोंडानं? भरलेल्या नसांनी आईच्या उशाशी बसून? आणि हे जर खरं असेल तर धाकट्यानं इतकी वर्षं तोंडातून अक्षर का काढलं नाही? की म्हातारीच चुकतेय, दुसऱ्याच कुणाची लेक हिच्या गळ्यात घालतेय? आणि तिला उमगलं, की म्हातारी चुकीची निघावी असं आपल्याला वाटतंय. टाईल राहावी. टाईल गेली तर आज नाहीतर उद्या ओढ उठेल तेव्हा गाल कुठं टेकायचा? वळून घरी जावं. हो हो, आठवतंय ना, म्हणत राहावं. पण पाय गेले ते आईच्या दुकानाकडेच.

दुकान आता धाकटा चालवतो. आईचंच मशीन, आईचीच कात्री, फक्त पंखा नवा. तो कुणाच्यातरी जाड कोटाचं अस्तर उसवत बसला होता.

"ये ताई. कापूस कुणाला? मला भरतेस काय गादीत?"

ती समोरच्या स्टुलावर बसली. "आई गेली तेव्हा मी कुठं होते?"

उसवणारा हात थांबला. तो वर न बघता म्हणाला, "का?"

"औषधांच्या दुकानात शेजारच्या खाटेवरची म्हातारी भेटली."

"ती? अजून आहे?" तो अभावितपणे हसला. "आई म्हणायची, ही माझ्या आधी सुटणार. बघ, आईचं एवढं एकच माप चुकलं."

"धाकट्या, मी कुठं होते? बाथरूममध्ये होते ना? टाईल्सवर?"

"कुठल्या टाईल्स?" आता त्यानं वर पाहिलं. "त्या वॉर्डातल्या बाथरूमला टाईल्स कुठं होत्या? सिमेंटचं होतं ते, काळं, शेवाळलेलं. मला चांगलं माहीत आहे, तोंड धुवायला मी गेलो होतो तिथं. तुझ्या टाईल्स तुमच्या ऑपरेशनच्या खोलीतल्या."

इतकी वर्षं गालाला लागलेला गारवा दुसऱ्याच भिंतीचा होता. आपल्या मेंदूनं एका भिंतीची टाईल काढून दुसऱ्या भोकावर ठिगळ लावलं होतं, आणि शिवण इतकी बेमालूम होती की शिवणाऱ्या घरातल्या लेकीलाही दिसली नव्हती. तिला भीतीही वाटली आणि क्षणभर, खरं सांगतो, त्या कारागिरीचं कौतुकही वाटलं.

"मग कुठं होते?"

धाकट्यानं कोट बाजूला ठेवला. दोऱ्याचे तुकडे गुडघ्यावरून झटकले. बराच वेळ झटकत राहिला.

"उशाशी. आईचं डोकं तुझ्या मांडीवर. गात होतीस, तिचंच ते, मशीनवरचं. आणि तू ते टोचून घेऊन आली होतीस, ताई. डोळे काचेसारखे, नजर कुठंतरी भिंतीच्या पलीकडे. मला इतका राग आला, वाटलं उठवावं तुला तिथून आणि बाहेर काढावं. आज तरी, म्हटलं, आज तरी नको होतं. मी पुढं झालो, तर आईनं माझा हात धरला. जोर नव्हताच तिच्यात, पण धरला. म्हणाली, 'बॉबिन रिकामी आहे रे हिची.'"

पंख्याचा आवाज येत होता. बाहेर कुणीतरी सायकल टेकवून ठेवली.

"तिला माहीत होतं?"

"आवाजावरनं कळायचं ना तिला. म्हणाली, 'हिला यातलं काही राहणार नाही. पण असू दे, गाऊ दे. मला ऐकू येतंय ना.' मग थोड्या वेळानं म्हणाली, 'तू सांग हिला मागाहून. टाका तू घाल. पण रागात नको सांगूस. रागात सांगितलेलं टोचतं, बसत नाही. राग गेला की सांग.' एवढंच. मग ऐकत पडली. तू गात होतीस तेव्हाच गेली ती. तुला कळलंसुद्धा नाही. तू नंतरही गातच होतीस, मीच सांगितलं, संपलं म्हणून."

झोपबाईनं दोन्ही हात मशीनच्या फळीवर ठेवले होते. फळी आईच्या मनगटांनी झिजून गुळगुळीत झालेली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"गेला नाही ना!" तो एकदम म्हणाला, आणि त्याचा आवाज लहान मुलासारखा चिरकला. "रोज सकाळी दुकान उघडताना बघायचो, गेला का. दूध नासलंय का वास घेऊन बघतात तसं. नाहीच जायचा. तू सोडलंस, बरी झालीस, कामाला लागलीस, मी सगळ्यांना अभिमानानं सांगायचो, आमच्या ताईसारखी बाई नाही. आणि आत बघावं तर राग आहे तसाच. आईनं अट घालून ठेवली. मी काय करू?"

"आता गेला?"

"नाही." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "पण तू विचारशील, असं तिनं धरलं नव्हतं. आईचं हेही माप चुकलंच म्हणायचं."

दोघंही हसली. हसता हसता तिचा चेहरा बदलला. ती म्हणाली, "परत सांग." त्यानं सांगितलं. "परत." त्यानं पुन्हा सांगितलं, मांडीवरचं डोकं, हात धरणं, बॉबिन, मला ऐकू येतंय ना. तिसऱ्या वेळी एक नवीनच निघालं, की ऐकताना आईचं पाऊल चादरीखाली हलत होतं, पायाखाली मशीनची पट्टी असल्यासारखं. "हे मी विसरलोच होतो," धाकटा म्हणाला, आणि स्वतःशीच बोलल्यासारखा पुढं म्हणाला, "तीनदा सांगितलं तर जरासा पातळ झाला गं. राग."

मला कुणी विचारलं की कृपा म्हणजे काय, तर मी त्या खाटेकडे बोट दाखवीन. लेकीचं गाणं खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं, लेक होतीही आणि नव्हतीही. मरणाऱ्या बाईनं त्यातलं जे होतं तेवढं घेतलं आणि जे नव्हतं त्याची उद्याची सोय लावून ठेवली. आपल्या हिशेबानं नव्हे, लेकीच्या.

दुपारी झोपबाई कामावर गेली. पहिलाच पेशंट ट्रकवाला, हर्नियाचं ऑपरेशन झालेला, हाडापेरानं दांडगा. भुलीतून वर येताना तो घाबरला, हात झाडायला लागला, "ब्रेक! ब्रेक!" ओरडायला लागला. तिनं त्याचा हात धरला. "गाडी थांबली आहे. तुम्ही हॉस्पिटलात आहात. ऑपरेशन झालं, छान झालं. बायको बाहेर बसली आहे." ती नेहमी म्हणते ते सगळं ती म्हणाली. तरी तो थरथरत होता. आणि तिच्या नकळत तिच्या ओठांतून ती चाल आली. वर जाणारी, खाली येणारी. आपलाच आवाज ऐकून ती दचकली. जिभेच्या मुळाशी चव आली, अगदी आली. तिनं टाईल शोधली. टाईल नव्हती. तिच्या जागी चादरीखालचं एक म्हातारं पाऊल होतं, ठेक्यात हलणारं. तिनं त्याच्यावर मन टेकवलं आणि गात राहिली.

खोलीच्या टोकाला मोठ्या सिस्टरनं ते ऐकलं आणि तिच्या हातातला ट्रे वाजला. हे गुणगुणणं तिला ओळखीचं होतं. ज्या वर्षांत ते होतं ती वर्षंही. ती जागच्या जागी उभी राहिली. सवयीनं तिची मान फिरायला लागली. झोपबाईनं न थांबता तिच्याकडे पाहिलं, मोकळा हात पुढं केला, तळवा वर, आणि डोळ्यांनी म्हटलं, बघ. सिस्टर जवळ आली. तिनं तळवा पाहिला, मग बत्ती काढून डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, नीट, सावकाश, पेशंटच्या पाहतात तशा. मग तिनं बत्ती खिशात टाकली. "चालू द्या," म्हणाली. "सुरात आहे."

झोपबाई श्वास घ्यायला थांबली, तर ट्रकवाला डोळे न उघडताच म्हणाला, "रेडिओ बंद नका करू, ताई. घाट अजून संपला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना तिनं भीत भीत आत चाचपून पाहिलं. मांडी, हात, बॉबिन, पाऊल. होतं. जरा सैल होतं, पण ओढल्यावर सुटलं नाही. तिनं तरी धाकट्याला फोन केला. "परत सांग." तिकडून मशीनचा आवाज येत होता, भरल्या बॉबिनचा. तो थांबला, आणि धाकटा पहिल्यापासून सांगायला लागला.

आता उठा, रात्र व्हायच्या आत घरी पोचा. पण जाताना एवढं करा. चादरीखाली पावलानं ठेका धरून ऐकत गेलेली ती शिवणारी बाई, तिला तुमच्या आठवणीत थोडी जागा द्या. तिच्या लेकीजवळ त्या दुपारची नुसती भोकं आहेत, आणि लेकाचा टाका एकट्याचा आहे. तुम्ही लक्षात ठेवलीत तर तेवढाच जरा पक्का होईल.